भिंत बसली

धान कापून झालं की आमच्या भागात आलेल्या पाहुण्यांना वास येतो. नव्या तांदळाचा, उन्हात पडलेल्या पेंढ्यांचा, ओल्या बांधांचा. ते डोळे मिटून श्वास घेतात आणि 'वा' म्हणतात. मला खाज सुटते. काल तणसानं भरलेली बैलबंडी दारावरून गेली, आमच्या बोरीच्या फांदीला घासली, चार काड्या माझ्या मानेवर पडल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत चुरचुरायला लागले. तणीस म्हणजे धानाचा वाळका पेंढा. त्याची बारीक कूस एकदा कातडीत शिरली की आंघोळीनंही जात नाही. ही खाज काही मला प्रिय नाही. पण तिच्याशिवाय मला तो हंगाम आठवत नाही, आणि तो हंगाम मी विसरावा अशी बऱ्याच लोकांची इच्छा आहे. म्हणून खाजवतेय आणि लिहितेय.

दोन वर्षांपूर्वीचा हंगाम. मी तेव्हाही पत्रकं लिहायची. आमच्या संघटनेत हे काम माझ्याकडे आलं, कारण मला राग पटकन येतो आणि तो एका पानात मावतो. जाहीर निषेध, जळजळीत सवाल, जनता माफ करणार नाही. हे शब्द माझ्या हाताला इतके सवयीचे झाले होते की धान्याच्या डब्यावर चिठ्ठी लावताना मी एकदा 'तूरडाळ' पुढे उद्गारचिन्ह काढलं होतं. कापणीसाठी गावी आले होते. चार दिवस आईला मदत करायची आणि परत जायचं, असं ठरलं होतं. गेले नाही.

आमचं गाव सावलीपासून सायकलीच्या अंतरावर, वैनगंगेच्या अलीकडे. जिकडे पाहावं तिकडे बांध्या. धानाच्या खाचराला आम्ही बांधी म्हणतो. चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि त्यात रोवणी करायची. पाणी धरून ठेवणं हाच बांधीचा गुण. तिथली माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं, कारण त्या फटीत त्याचा पाय अडकलेला असतो.

आणि नवी अंगणवाडी बांधीत बांधली जात होती.

गावात मुरमाची उंच जागा होती. पण तिथला फलक रस्त्यावरून दिसला नसता. याहून दुसरं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. जुन्या अंगणवाडीचं छप्पर गळून गेलं होतं, म्हणून पोरं विहाराच्या ओसरीवर भरायची. हा विहार आमच्या लोकांनी, धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढीनं, स्वतः बांधलेला. नदीवरचे दगड बायांनी डोक्यावर वाहून आणले, छातीएवढा चर खणला, मग भिंत चढवली. ओसरीवर बौद्धांची, कुणब्यांची, ढिवरांची, गोंडांची अशी सगळी लेकरं एका सतरंजीवर बसायची आणि एकमेकांच्या डब्यातलं पळवायची.

त्यांच्या बाई म्हणजे वनमालाबाई. अंगणवाडी सेविका. उंची कमी, आवाज मोठा, वय पन्नाशीच्या पलीकडे. मलाही त्यांनीच अक्षरं शिकवली. त्यामुळे माझी पत्रकं वाचताना त्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात, मग शोषण.

त्या महिन्यात वरून विषय आला, 'मजबूत घर'. सोबत रंगवायला एक छापील चित्र. चित्रातल्या घराला लाल उतरतं छप्पर, छपरावर धुराडं, दारात गोल छाटलेलं झाड. वनमालाबाईंनी चित्र उंच धरून पोरांना विचारलं, "हे कोनाचं घर हाय गा आपल्या गावातलं?"

"साहेबाचं," एक जण म्हणाला.

"बाई, याच्या डोक्यावर चिलीम काऊन हाय?"

सगळी ओसरी हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चित्रांचा गठ्ठा उलटा केला, एकेक कागद पोरांसमोर पसरला आणि म्हणाल्या, "याच्यावर माती ठेवाची. घर रंगवाचं नाई, बांधाचं."

हे त्या कुठून शिकल्या, असं मी त्यांना एकदा विचारलं. माझ्या डोक्यात प्रशिक्षण, पुस्तिका असलं काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, "माह्यं स्वतःचं घर दोनदा पडलं." बस.

हंगामामुळे सामान फुकट होतं. चुरणं, म्हणजे मळणी, झालेलं तणीस गावभर पडलेलं. चिकण माती बांधीतली. बांबूच्या कांबी बुरडांच्या अंगणातून. दर चार पोरांना एक जुनं सूप दिलं. सुपात भिंत उभारायची, वीतभर उंच, आणि दोन दिवस उन्हात ठेवायची. मग परीक्षा. तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून पाणी ओतायचं, हा पाऊस. आणि सूप दोन्हीकडून धरून गदागदा हलवायचं, हे टिप्पर. आमच्या रस्त्यानं रेतीचे टिप्पर जातात तेव्हा चुलीवरची भांडी वाजतात, त्यामुळे टिप्पर काय असतं ते पोरांना समजावून सांगावं लागलं नाही. "टिप्पर आला, टिप्पर आला!" ओरडत ती सूप हलवायची, आणि नुसत्या मातीच्या भिंती बिस्किटासारख्या तुटायच्या.

मग मातीत तणीस आलं. बाईंनी कोयत्यानं बारीक कापलं आणि पोरांना चिखलात उभं करून तुडवायला लावलं. मीही उतरले. वीस-बावीस इवल्या पोटऱ्या, त्यांच्या मध्ये माझ्या दोन. संध्याकाळपर्यंत अख्खी अंगणवाडी खाजवत होती. दुसऱ्या दिवशी आया भांडायला आल्या. एक म्हणाली, "व बाई, शिकवाले पाठवतो का आंग खाजवाले?" वनमालाबाईंनी तिला सूप दाखवलं. तणसाची भिंत हलवली, वाकली, पण तुटली नाही. "मातीचे हात नसते," बाई म्हणाल्या. "तणीस म्हनजे तिचे हात. ते एकमेकाले धरून ठेवते." त्या आईनं स्वतःच सूप हातात घेऊन टिप्पर आणला.

तिसऱ्या परीक्षेत भिंती सुपातून काढून जमिनीवर ठेवायच्या होत्या. एका गटानं आपली भिंत हातपंपापाशी ठेवली, कारण तिथं सावली होती. डबाभर पाऊस पडला आणि भिंत न तुटता, न वाकता, शांतपणे चिखलात खाली खाली गेली.

"बाई! भिंत बसली!"

हे आमच्याकडचं रोजचं बोलणं. पावसाळ्यात कुणाची भिंत खचली की आम्ही 'बसली' म्हणतो. विहीर बसते, घर बसतं. पोरांना त्यात काही अवघड नव्हतं. अवघड पुढचं होतं.

"काऊन बसली गा?"

"थकली असंल."

"भिंत थकते का, येड्या?"

"तिले पाय नाईत, म्हनून बसली," रोशनी म्हणाली.

रोशनी तेव्हा साडेचार वर्षांची. बोलायची कमी, उकरायची जास्त. नखं कायम काळी, हातात कायम एक काडी. तिच्या त्या वाक्यावर वनमालाबाई चालता चालता थांबल्या. मला वाटलं आता त्या 'पाया' हा शब्द सांगतील. त्यांनी सांगितला नाही. त्या म्हणाल्या, "बराबर. भिंतीले पाय रायते. जमिनीत लपवलेले. जेवढी भिंत उंच, तेवढे पाय खोल. चला, विहाराचे पाय पाहू."

पोरांनी विहाराच्या मागच्या भिंतीशी काड्यांनी उकरलं. कोपरभर खोल गेली, दगडच. अजून खोल, दगडच. पाय संपेनात. तेवढ्यात एक म्हातारे भाऊ काठी घेऊन धावत आले, "विहार पाडता का रे पोट्टेहो!" आणि शाळा सुटली.

त्या दिवसापासून एक खेळ सुरू झाला. कुठल्याही नव्या घरात शिरण्याआधी भिंतीला दोन्ही तळहात लावायचे, मग कान लावायचा आणि विचारायचं, "भिंती भिंती, पाय हायेत का?" पोरं किराणा दुकानाला विचारू लागली. ग्रामपंचायतीला विचारू लागली. दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडपात वाड्याचा रंगवलेला पडदा लागला होता, त्यालाही दोघांनी जाऊन विचारलं. पडदा हलला. "याले तं आंगच नाई," असं सांगत ती परत आली.

वनमालाबाईंनी मग सत्तारभाईंना बोलावलं. सत्तारभाई सावलीचे, बापजाद्यांपासून गवंडी. त्यांनी ओसरीवर बसून पोरांना ओळंबा दाखवला, दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे की झुकली ते बघायचं ते साधन. पोरांनी दोरा आणि दगड घेऊन आपापले ओळंबे केले, आणि तासभर सगळ्या गावाची नाकं, बकऱ्या, सायकली मोजून काढल्या. "बाई, हे पोट्टे तं सुपरवायझर निंगले," सत्तारभाई हसत म्हणाले. एकानं त्यांच्या पाठीला ओळंबा लावला. "चच्चा, तू वाकडा हायेस." "उमरनं वाकडा झालो बेटा, बांधला तवा सरळ होतो."

पोरं गेल्यावर मात्र ते उठेनात. थापी मांडीवर ठेवून बसले होते. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, त्या नव्या अंगनवाडीची भिंत म्या बांधली."

"माहीत हाय मले," वनमालाबाई म्हणाल्या.

"पाया म्या नाई भरला. मी आलो तवा भरून होता, वरून माती लोटून. ठेकेदार म्हने, पाहून घे. म्या पाह्यला नाई." थापी चाचपत ते म्हणाले, "पाह्यला असता तं काम सोडा लागलं असतं."

बाईंनी त्यांना चहा दिला. मी मात्र बोलणार होते. माझ्या जिभेवर 'सामील', 'गुन्हेगार' असे शब्द आलेच होते. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी गिळले. आज वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात लाज वाटलेला तेवढा एकच माणूस होता, आणि मी त्याच्यावरच पहिल्यांदा धावून जाणार होते.

दुसऱ्या दिवशी सगळी अंगणवाडी नवी इमारत बघायला निघाली. लांबून ती देखणी दिसते, हे मान्य करायला हवं. गुलाबी भिंती, त्यावर मोर, पोपट, अ अननसाचा, आ आंब्याचा. या चित्रांची मला आता शिसारी आहे. भिंतीला चीर गेली की रंगाऱ्यानं त्यावर वेल काढायची, चीर वाढली की वेलीला फुलं काढायची. मागच्या भिंतीवरचा आंबा मधोमध दुभंगला होता. "आंबा चिरला, बाई," एक मुलगी आनंदानं म्हणाली. मागचा कोपरा दोन बोटं खाली गेला होता. दार लागत नव्हतं.

पोरांनी तळहात लावले, कान लावले. "भिंती भिंती, पाय हायेत का?" रोशनी खाली बसली होती. तिची काडी एक वीत आत गेली आणि दगडाला लागली नाही. सिमेंटला लागली नाही. भिंत तिथं संपत होती. ती काडी भिंतीच्या खालून आत सरकत गेली आणि आत उभ्या असलेल्या पोरानं ओरडून सांगितलं, "इथी काडी आली!"

मी पुष्कळ घोटाळे कागदावर पाहिले आहेत. काडी आरपार आलेली तेव्हाच पाहिली.

"याले पायच नाईत," रोशनी बाईंना म्हणाली. आणि मग, भिंतीची कीव आल्यासारखी, "म्हनून तं बसून राह्यली बिचारी."

तिथं काही आठवड्यांत ही लेकरं बसवली जाणार होती. सकाळी दहा ते दुपारी दोन. झोपही तिथंच.

संध्याकाळी वनमालाबाई मला म्हणाल्या, "पोरी, अर्ज लिही. मागची भिंत बसली हाय, खाली पाया नाई, काडी आरपार जाते, लेकरं नेता येत नाई." आता माझी चूक सांगते. मला वाटलं, अर्ज छोटा हवा, टोकदार हवा. लोकांच्या भाषेत हवा. मी पत्रकाच्या मथळ्यासारखं लिहिलं: 'नवीन अंगणवाडीची मागची भिंत बसली आहे. त्वरित दखल घ्यावी.' पाया, काडी, सगळं छाटून टाकलं. फार छान जमलं असं वाटून तो अर्ज मी दोनदा मोठ्यानं वाचला. बाईंनी सही केली.

उत्तर आलं. आमच्या आयुष्यात इतक्या लवकर कुठल्याही कार्यालयाचं उत्तर आलेलं नाही. 'अर्जदाराने नवीन इमारतीची मागील भिंत बसल्याचे कळविले आहे. यावरून भिंत बसविण्याचे काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचे स्पष्ट होते. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

मी आधी हसले. मग मला कळलं की हसण्यासारखं काही नाही.

लोक म्हणतात, कारकून बाहेरचा असेल, त्याला आपला शब्द कळला नसेल. मला हे पटत नाही. अडाण्याच्या हातून इतकं स्वच्छ वाक्य उतरत नाही. ज्यानं ते लिहिलं त्याला 'बसली' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. त्याचंही गाव असेल, त्याच्याही गावात पावसाळ्यात भिंती बसत असतील. त्यानं तो शब्द उचलला, उलटा केला आणि आमच्याच डोक्यात घातला. दार चौकटीत बसतं ते चांगलं. लुगड्याची घडी बसते ते चांगलं. घसा बसतो, धंदा बसतो, घर बसतं ते वाईट. आणि साहेब खुर्चीवर बसतो ते काय, ते ज्यानं त्यानं ठरवावं. एकाच शब्दात एवढी जागा आहे आणि त्या जागेत हे लोक आरामात पाय पसरून राहतात. आमच्या भिंतीला मिळाले नाहीत ते पाय.

मग मी पत्रक काढलं. 'चिमुकल्यांच्या जिवाशी खेळणाऱ्या नराधमांनो', इथून सुरुवात. भस्मासुर होता, टाळूवरचं लोणी होतं. गावात वाटलं, बाजारात वाटलं. आठवडी बाजारात भज्यांच्या गाड्यावर माझ्या 'नराधमांनो' मधून तेल गळताना मी स्वतः पाहिलं. अंगणवाडीतल्या पोरांनी त्याच कागदाच्या घड्या घालून भिंत केली, रोशनीनं तिच्यावर डबाभर पाऊस पाडला, आणि ती बसली.

वनमालाबाईंनी पत्रक चष्मा लावून पूर्ण वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ नीट होतं. मग घडी करून माझ्या हातात दिलं. "याच्यात भस्मासुर हाय, नराधम हाय. भिंत कुठी हाय?"

मी शोधली. खरंच नव्हती.

ताब्याचा दिवस उजाडला तेव्हा बांध्यांमधले पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, निम्मे उठले होते. अंगणवाड्यांवर देखरेख करणारे साहेब जीपनं आले. ठेकेदारानं नारळ, फीत, छायाचित्रकार असं सगळं आणलं होतं. दाराला तोरण होतं, ते न लागणाऱ्या दाराला बरं दिसत होतं. साहेबांच्या हातात ताबा पावती होती. वनमालाबाईंनी सही केली की इमारत अंगणवाडीची, आणि पुढे जे होईल तेही अंगणवाडीचं.

"चला बाळांनो, आत बसा. फोटो काढू," साहेब म्हणाले.

पोरं गेली. पण आत नाही. ती भिंतीशी रांगेत उभी राहिली, दोन्ही तळहात लावले, कान लावले. छायाचित्रकाराला वाटलं स्वागताचं नृत्य आहे. त्यानं दोन फोटो काढलेही. "भिंती भिंती, पाय हायेत का?"

"नाई म्हनते," रोशनी म्हणाली.

साहेब हसले. "भिंत बोलते का गं?"

"बोलते साहेब," वनमालाबाई म्हणाल्या. "जरा खाली बसून पाहा. मी दाखवतो." त्यांनी रोशनीची काडी घेतली आणि मागच्या कोपऱ्याशी उकिडव्या बसल्या. "या. इथी."

साहेबांची पँट पांढरी होती. ते वाकले नाहीत. मला त्या दिवसातलं बाकी सगळं धूसर आठवतं, पण ते न वाकणं स्पष्ट आठवतं. फक्त वाकायचं होतं. एवढ्याशा पोरांनी वाकून जे पाहिलं, ते पाहायला त्यांना कंबर होती, डोळे होते, आणि त्याच कामासाठी ठेवलेलं पद होतं.

"बाई, किती वर्षं राहिली तुमची?" ते हळू आवाजात म्हणाले. "सही करा. नाहीतर मला वर लिहावं लागेल की सेविका सहकार्य करत नाही. मग नोकरीचं काय होईल ते माझ्या हातात नाही."

वनमालाबाईंच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं, ठेकेदाराला ठाऊक होतं. त्यांनी पावती घेतली, माझं पेन मागितलं आणि पावतीवर 'मागची भिंत' एवढंच लिहून थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"पोरी, 'बसली' नाई लिवाचं. दुसरा शब्द सांग."

आणि मला सुचेना. खरंच सुचेना. शोषण आठवलं, षड्यंत्र आठवलं, ढळढळीत, बिनदिक्कत, निर्लज्ज, सगळी विशेषणं रांगेनं आठवली. भिंतीला काय झालंय ते सांगणारा एक साधा शब्द माझ्याकडे नव्हता.

"खाली गेली," रोशनी म्हणाली. ती बाईंचा पदर धरून उभी होती.

बाईंनी तसंच लिहिलं. 'मागची भिंत दोन बोटे खाली गेली आहे. एक वीत खाली भिंत संपते, पाया नाही. काडी आरपार जाते. मी मुलांना आत नेणार नाही. इमारतीचा ताबा घेतला नाही.' खाली सही, पूर्ण नावाची, वळणदार, मला शिकवली होती तशी.

साहेबांनी ती वाचली. "ही काय पावती आहे?"

"तुमाले कागद पाह्यजे होता. घ्या."

त्यानंतर जे झालं त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. दुसऱ्या गावाहून शाळेची गणवेशातली मुलं-मुली आणून इमारतीसमोर उभी केली, फोटो काढला, पेपरात आला: चिमुकल्यांना मिळालं हक्काचं छत. वनमालाबाईंना खुलासा मागणारी पत्रं सुरू झाली, ती अजून संपलेली नाहीत. दर पत्राला त्या त्याच ओळी लिहून पाठवतात, एक शब्द न बदलता. पावतीची झेरॉक्स काढून आम्ही गावकऱ्यांच्या सह्या घेतल्या, पहिली सही सत्तारभाईंची, 'भिंत बांधणारा' असं लिहून. नोकरी वाचली, ती त्या कागदामुळे. इमारत रद्द झाली नाही, दुरुस्त झाली नाही, कुणावर काही कारवाई झाली नाही. फलकावर ती पूर्ण आहे. पोरं अजून ओसरीवरच आहेत.

आणि इमारत अजून उभी आहे. यंदा तिच्यात कुणीतरी तणीस भरून ठेवलंय, छतापर्यंत. जे भिंतीत असायला हवं होतं ते खोलीत आहे. पोंभुर्ण्याकडे एका लग्नात तो ठेकेदार भेटला. पान खात होता. "का बाई, पडली का तुमची भिंत?" तुमची, म्हणाला. मी पाठ फिरवली. कारण खरं सांगायचं तर गेल्या दोन्ही पावसाळ्यांत मी झोपेतून उठून त्या आवाजाची वाट पाहिली आहे. पडली की आम्ही खरे ठरू. मग एके दिवशी पाहिलं, तिच्या सावलीला बकऱ्या बसल्या होत्या आणि बकऱ्यांजवळ एक बाई पेंगत होती. त्या दिवशी मला स्वतःचीच किळस आली. आपण खरे ठरावं म्हणून कुणाच्या तरी अंगावर भिंत पडावी अशी इच्छा धरणारी मी, आणि वाकायचं टाळणारे ते, यांच्यात किती अंतर आहे ते मी अजून मोजतेय. हातात ओळंबा घेऊन.

परवा गावच्या शाळेची नवी खोली उघडली. रोशनी आता पहिलीत आहे. मी आणि वनमालाबाई फाटकाशी उभ्या होतो. माझे हात चुरचुरत होते, शाळेमागेही तणसाचा ढीग होता. गुरुजी तरुण, नवेच आलेले. "चला, आत चला, बसा," म्हणत ते पोरांना दारातून घेत होते. रांग पुढे सरकेना. दाराशी, भिंतीच्या बुडाला, रोशनी खाली वाकली होती. तिच्यामागे ओसरीवरची तिची सगळी जुनी फौज, एकेका हातात एकेक काडी.

"काय उकरतेस गं तिथं? चल, बस आत."

"थांबा ना गुरुजी," ती वर न बघता म्हणाली. "पाय दिसू द्या."

गुरुजी वैतागले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. पोरं काही हलली नाहीत. मग त्यांनी पँट गुडघ्याशी वर ओढली आणि तिच्या शेजारी, मातीत, उकिडवे बसले.